बिझनेस स्कूलमधील विद्यार्थी जीवन व साहाय्य सेवा

विद्यापीठातील व्यवस्थापन विद्याशाखेत, म्हणजे बिझनेस स्कूलमध्ये, शिकणाऱ्यांचा दिनक्रम आणि त्यांना अभ्यास, नोकरी, आरोग्य व पैसा या बाबतींत मिळणारी मदत हा या नोंदीचा विषय आहे. इथले शिक्षण बरेचसे गटात चालते आणि नोकरीचा शोध पहिल्याच सत्रात सुरू होतो. त्यामुळे एरवी खासगी राहिल्या असत्या अशा अडचणी सहाध्यायांसमोर उघड्या पडतात, आणि मदत मागणे अवघड होऊन बसते.

व्यापारी शिक्षणाच्या स्वतंत्र संस्था एकोणिसाव्या शतकात उभ्या राहू लागल्या. पॅरिसची ईएससीपी १८१९ सालची आहे. जोसेफ व्हार्टन यांच्या देणगीतून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १८८१ मध्ये व्हार्टन स्कूल सुरू झाले. १९०८ मध्ये हार्वर्डचे बिझनेस स्कूल निघाले आणि त्याने एमबीए ही पदवी आणली. १९२० च्या दशकात याच संस्थेत रुजलेल्या केस पद्धतीने विद्यार्थ्यांचे दिवस जितके बदलले, तितके दुसऱ्या कशानेही बदलले नसतील. आदल्या रात्री एखाद्या कंपनीसमोरचा खराखुरा पेच वाचायचा, सकाळी छोट्या गटात त्यावर चर्चा करायची आणि मग भरल्या वर्गात आपला निर्णय मांडून त्याचे समर्थन करायचे, असा तो क्रम. हार्वर्डमध्ये पहिल्या वर्षी सुमारे ९० जणांची तुकडी सगळे विषय एकत्र शिकते. वर्गातील सहभागाला गुणांत मोठा वाटा असतो. इतर अनेक संस्थांनीही तुकड्यांची आणि नेमून दिलेल्या अभ्यासगटांची पद्धत स्वीकारली आहे.

या पद्धतीत बोलणाऱ्याची सरशी होते. विचार पक्का असूनही शिक्षणाची भाषा मातृभाषा नसल्याने अडखळणारा किंवा स्वभावानेच शांत असलेला विद्यार्थी मागे पडतो. लेखन व संभाषण केंद्र त्याच्यासाठीच असते. तिथे अहवालाचा मसुदा तपासून मिळतो, सादरीकरणाचा सराव करून घेतात, वर्गात पहिले वाक्य कसे टाकावे हेही शिकवतात. कला शाखेतून आलेल्यांसाठी सत्राआधी गणित, संख्याशास्त्र व हिशेबाचे उजळणी वर्ग घेतले जातात. पुढे लेखाशास्त्र किंवा वित्त अडले, तर वरच्या वर्गातील विद्यार्थी शिकवणी घेतात. ही मदत पहिल्या चाचणीच्या आधी घेतली तरच तिचा खरा उपयोग होतो. निकाल पाहून धावत येणाऱ्यांना पुढच्या धड्यांबरोबर मागचेही भरून काढावे लागते.

गटात एकजण राबतो आणि दुसरा नुसते नाव लावतो, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. तिच्यावर उपाय म्हणून सत्राच्या सुरुवातीला गटाने कामाचे लेखी नियम ठरवायचे आणि शेवटी एकमेकांचे मूल्यमापन करायचे, अशी पद्धत आहे. मात्र केवळ शेवटच्या मूल्यमापनातून राग बाहेर पडतो, काम सुधारत नाही. अर्ध्या सत्रावर शिक्षकासमोर एकदा बैठक झाली तर वाद वेळीच मिटू शकतात.

करिअर केंद्र हा बिझनेस स्कूलचा सर्वांत गजबजलेला विभाग असतो. बायोडाटा तपासणे, सराव मुलाखती, कंपन्यांची सत्रे आणि माजी विद्यार्थ्यांशी ओळखी ही त्याची कामे. सल्लागार कंपन्या मुलाखतीत प्रत्यक्ष व्यावसायिक पेच सोडवायला देतात. त्याची तयारी मुले जोडीजोडीने महिनोन्‌महिने करतात. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिल्या उन्हाळ्यातील इंटर्नशिपवरून पुष्कळदा पुढची नोकरी ठरते. त्यामुळे वर्गाची ओळख होण्याआधीच अर्जांची धावपळ सुरू होते. व्हार्टनसारख्या काही संस्थांत विद्यार्थ्यांनी भरतीच्या वेळी कंपन्यांना श्रेणी न सांगण्याचा संकेत स्वीकारला आहे. कठीण विषय निर्धास्त घेता यावेत हा त्यामागचा हेतू. अभ्यासातले गांभीर्य त्याने कमी होते, असा आक्षेपही आहे.

वित्त, विपणन, उद्योजकता, समाजकार्य असे क्लब विद्यार्थीच चालवतात. आयसेक ही विद्यार्थी संघटना दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, देशोदेशींच्या तरुणांना जोडण्यासाठी युरोपात सुरू झाली आणि आज अनेक देशांत काम करते. अमेरिकेतील बीटा गॅमा सिग्मा ही गुणवंतांची संस्था १९१३ ची. क्लबमधील पदे बायोडाटात शोभतात खरी, पण पदाखातर पाच ठिकाणी नाव नोंदवण्यापेक्षा एका ठिकाणी मनापासून काम केलेले मुलाखतीत सहज कळते.

शुल्काखेरीज स्पर्धा, अभ्यासदौरे आणि मुलाखतीचे कपडे यांचाही खर्च असतो. शिष्यवृत्ती व कर्जाच्या चर्चेत तो निसटतो, आणि बेताच्या परिस्थितीतील मुले क्लबच्या सहलीला नकार देताना खरे कारण सांगत नाहीत. काही विद्यापीठे आणीबाणीचा निधी ठेवतात, मुलाखतीसाठी कपडे वापरायला देतात. अशा सोयी न मागता समोर ठेवल्या, प्रवेशपत्रासोबतच कळवल्या, तर संकोच निम्मा होतो.

समुपदेशन बहुधा विद्यापीठाच्या मध्यवर्ती केंद्रात मिळते. तिथले बोलणे गोपनीय राहते; स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असल्यास किंवा कायद्याने बंधन असल्यास अपवाद केला जातो. सततच्या तुलनेने खचलेल्या विद्यार्थ्याला ही हमी आधी मिळायला हवी, कारण करिअर केंद्राला किंवा शिक्षकांना कळेल या भीतीनेच अनेकजण पाऊल मागे घेतात. अपंगत्व किंवा अध्ययन अक्षमता असणाऱ्यांना परीक्षेत जादा वेळ, वेगळी खोली, वाचता येईल अशा स्वरूपातील साहित्य मिळू शकते. त्यासाठी सहसा कागदपत्रांसह नोंदणी करावी लागते. केस पद्धतीच्या वर्गात ऐनवेळच्या बोलण्याला गुण असल्याने नुसता परीक्षेचा जादा वेळ पुरत नाही. शिक्षकाशी आधीच बोलून सहभागाचे दुसरे मार्ग ठरवावे लागतात.

परदेशी विद्यार्थ्यांपुढे व्हिसाचा प्रश्न असतो. अमेरिकेत पदवीनंतर १२ महिने काम करण्याची मुभा मिळू शकते आणि विज्ञान-तंत्रज्ञान गटात मोडणाऱ्या अभ्यासक्रमांना आणखी २४ महिन्यांसाठी अर्ज करता येतो. त्यामुळे तिथल्या अनेक बिझनेस स्कूलनी आपले अभ्यासक्रम या गटात नोंदवून घेतले आहेत.

नोकरी सांभाळून संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी शिकणाऱ्यांना यातल्या बऱ्याच सेवा हाती लागत नाहीत, कारण कार्यालये दिवसा उघडी असतात. शुल्क त्यांनीही भरलेले असते. उशिरापर्यंत चालणारे सल्ला कक्ष आणि ऑनलाइन भेटी ही त्यांच्यासाठी चैन नव्हे, अभ्यासक्रमाचाच भाग आहे.