बॅक्टेरियात आधी कॉपी पूर्ण, मग प्रोटीन? नाही हो, असं नसतं

आपल्या पेशींत डीएनएवरून एमआरएनए (म्हणजे जीनची आरएनए कॉपी) पूर्ण तयार होतो, मग तो न्यूक्लियसबाहेर (पेशीकेंद्रकाबाहेर) रायबोसोमकडे, म्हणजे प्रोटीन बनवणाऱ्या यंत्राकडे, जातो आणि मग प्रोटीन बनतं, हे क्लासमध्ये इतकं घोकून घेतात की मुलं बॅक्टेरियालाही तेच लावतात. पण बॅक्टेरियाला न्यूक्लियसच नाही, मग बाहेर जायचं कुठून?

१९७० साली ऑस्कर मिलर आणि सहकाऱ्यांनी ई. कोलाय या बॅक्टेरियाचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली फोटो काढले, त्यात डीएनएचा धागा दिसतो, त्याला लोंबणारे आरएनएचे दोरे, सुरुवातीला आखूड आणि पुढे पुढे लांब होत गेलेले, आणि त्या अर्धवट दोऱ्यांवरच रायबोसोम मण्यांसारखे ओवलेले. म्हणजे आरएनए अजून बनतोय आणि प्रोटीनचं काम चालूसुद्धा झालंय! मला तर हा फोटो पाहिल्याशिवाय हा धडा शिकवूच नये असं वाटतं.

वेगही जुळतो, पॉलिमरेज (डीएनएवरून आरएनए बनवणारं एन्झाइम) सेकंदाला आरएनएची साधारण ४०-५० अक्षरं लिहितं, रायबोसोम साधारण १५ अमिनो ॲसिड (प्रोटीनचे दुवे) जोडतो, एकाला ३ अक्षरं, म्हणजे तेवढीच.

पण "सगळ्याच बॅक्टेरियात असंच" हेही बरोबर नाही बरं का. बॅसिलस सबटिलिसमध्ये पॉलिमरेज रायबोसोमला मागे टाकून बरंच पुढे पळतं, हे २०२० मध्ये दिसलंय.