विलंब शुल्क व अधिभार

मुदतीत पैसे न आल्यास विक्रेता मूळ रकमेवर जी जादा रक्कम लावतो ते विलंब शुल्क. अधिभार मुदत पाळली तरी लागतो: कार्डाने पैसे दिले म्हणून, डिझेल महागले म्हणून. बिलावर दोन्ही शेजारी छापलेले असतात, त्यामुळे गल्लत होते.

नागपुरात इतवारी-गांधीबागेतल्या ठोक कापड व्यापाऱ्याचे बिल उलगडले की तळाशी ‘चू. भू. द्या. घ्या.’च्या आसपास बारीक अक्षरांत ‘मुदतीनंतर द. सा. द. शे. २४ टक्के व्याज’ आणि ‘वाद नागपूर न्यायकक्षेत’ अशा ओळी दिसतात. ओळ छापली म्हणजे हक्क मिळाला, असे मात्र नाही. सौदा तोंडी ठरला, गाठी दुकानात पोचल्या आणि बिल मागून आले, तर ती अट गिऱ्हाइकाने मान्य केली होती का, हे आधी दाखवावे लागते. सही केलेली ऑर्डर किंवा पूर्वी बिनतक्रार भरलेले व्याज इथे कामी येते.

अट मान्य असली तरी भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ७४ आड येते. करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा. न्यायालय त्याच्या आत वाजवी भरपाईच देते. फतेहचंद खटल्यात (१९६३) सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. कैलाशनाथ खटल्यात (२०१५) नुकसानच नसेल तर भरपाईही नाही, असे म्हटले. पन्नास हजारांचे बिल पंधरा दिवस थकले तर २४ टक्क्यांनी सुमारे ४९३ रुपये होतात; ते पटवून देता येतात. त्याच उशिरासाठी सरसकट पाच हजारांचा दंड टिकणे अवघड.

नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगणा औद्योगिक वसाहतीतल्या लघुउद्योजकाची बाजू याहून भक्कम आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. नंतर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने व्याज चढते. करारात काहीही लिहिलेले असो. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या इतवारीच्या व्यापाऱ्याला हे कवच नाही.

महापालिकेच्या थकीत मालमत्ता कराला दरमहा २ टक्के शास्ती लागते. ती कायद्यातूनच येते, तिथे कलम ७४ चा युक्तिवाद चालत नाही.

ग्राहकाला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आधार देतो: नुकसानीच्या मानाने अगदीच बेताल दंड लावणारा करार ‘अनुचित’ ठरू शकतो. क्रेडिट कार्डाचे विलंब शुल्क देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्यावरच लावता येते. कर्जावर दंडव्याज लावून ते मुद्दलात मिळवण्याची वहिवाट रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने बंद केली.

आता अधिभार. रुपे डेबिट कार्ड आणि बँक खात्यातून केलेल्या यूपीआय व्यवहारावर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क लागत नाही. तरीही गल्ल्यावर कुणी ‘दोन टक्के वरून लागतील’ म्हणाला, तर तो खर्च नेमका कोणता, हे विचारायला हरकत नाही. वसूल झालेले विलंब शुल्क जीएसटीच्या हिशेबात मूळ किमतीतच धरले जाते.