उचिवा की सेन्सू : एका राजीनाम्यामागचा पंखा

ऑक्टोबर 2014 मध्ये जपानच्या न्यायमंत्र्यांनी पंख्यापायी राजीनामा दिला. आपल्या मतदारसंघात त्यांनी स्वतःचं चित्र आणि धोरणं छापलेले गोल, दांड्याचे पंखे वाटले होते. मतदाराला किमतीची वस्तू फुकट देणं तिथल्या निवडणूक कायद्यात बसत नाही. हा उचिवा, म्हणजे दांड्याचा हातपंखाच ना, असा विरोधकांचा सवाल. दिसतो उचिवासारखा, पण आहे माहितीचं पत्रक, हे मंत्रीणबाईंचं उत्तर. गंमत म्हणजे आरोप करणाऱ्यांपैकी एकीनेही गोल कागद वाटला होता. त्याला अंगठ्यापुरतं भोक होतं, दांडा नव्हता. म्हणजे सगळा वाद दांड्यावर येऊन थांबला. दांडा धरून वारा घेता येत असेल, तर त्याला पत्रक म्हणणं जरा अतीच.

हातपंख्याला मराठीत विंझणा हा छान शब्द होता. आता सरसकट पंखाच. जपानीत दांड्याचा, न मिटणारा तो उचिवा. मिटणारा तो ओगी किंवा सेन्सू. त्यात 'सेन्सू' ज्या चिन्हांनी लिहितात, त्यांचा चिनी भाषेत अर्थ होतो कुठलाही पंखा. त्यातून घोटाळा होतो. खरं तर 'जपानी पंखा मूळचा चीनचा' हे वाक्य उचिवाला लागू पडतं, सेन्सूला नाही.

मिटणारा पंखा जपानचाच. क्योतोच्या तोजी मंदिरात सहस्रहस्त कान्नोन या करुणेच्या बौद्ध देवतेच्या मूर्तीच्या हाताच्या आत मिळालेल्या लाकडी पट्ट्यांच्या पंख्यावर 877 सालाची नोंद आहे. कागदाचा पंखा नंतरचा, त्याचं नाव कावाहोरी, म्हणजे वटवाघूळ. त्याला कागद एकाच बाजूने असे. तो चीनला गेला, तिथे दोन्ही बाजूंनी कागद लागला आणि मुरोमाची काळात (चौदावं ते सोळावं शतक) हे नवं रूप परत आलं.

क्योतोत सेन्सू बनवण्याचे 87 टप्पे मोजतात आणि ते वेगवेगळ्या हातांत वाटलेले असतात. बांबूच्या काड्या बहुतांशी शेजारच्या शिगा प्रांतातल्या ताकाशिमाच्या. कागद थरांचा, मधला थर उकलणारा. घड्या पडल्या की त्यात सळई घालून वाटा करतात, मग कारागीर कडेवर तोंडाने फुंकर मारतो, वाटा फुगून उघडतात आणि खळ लावलेल्या काड्या आत सरकतात. काड्या जिथे खिळतात ती खीळ म्हणजे कानामे. याच शब्दाचा दुसरा अर्थ मुद्द्याचं मर्म; आपली 'मेख' अगदी तशीच. एदोच्या म्हणजे तोक्योच्या पंख्यात काड्या कमी, घड्या रुंद, आणि जवळपास सगळं काम एकाच कारागिराचं.

उचिवात कागावा प्रांतातल्या मारुगामे शहराचा दबदबा. तिथे एकच बांबू चिरून दांडा आणि काड्या काढतात, वेगळा दांडा जोडत नाहीत. पण उन्हाळ्यात स्टेशनाबाहेर हातात कोंबले जातात ते जाहिरातीचे उचिवा प्लॅस्टिकच्या सांगाड्याचे. दुकानं वाटतात, बँका वाटतात, घेणारा त्याची किंमतही मनात धरत नाही. मंत्रीणबाईंनाही बहुधा तसंच वाटलं असावं.