ड्रम उघडणाऱ्याचा विचार उशिरा झाला: घातक कचरास्थळांवरच्या कामगार सुरक्षेची पार्श्वभूमी

विषारी कचऱ्याने नासलेली जमीन साफ करण्याचा कायदा अमेरिकेत १९८० मध्ये झाला. ती साफ करायला आत उतरणाऱ्या कामगाराच्या सुरक्षेचे अंतिम नियम यायला मात्र १९८९ उजाडलं.

सुरुवात लव्ह कॅनॉलपासून करावी लागते. न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा फॉल्स शहरात हा अर्धवट खोदून सोडलेला कालवा होता. हुकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात त्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि मग ती जमीन एका डॉलरला शाळा मंडळाला देऊन टाकली. तिथे शाळा उभी राहिली, आसपास घरं झाली. रसायनं तळघरांत झिरपू लागली, आणि ऑगस्ट १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना आणीबाणी जाहीर करावी लागली. पुढे एप्रिल १९८० मध्ये न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ शहरात कचऱ्याचे हजारो ड्रम साठवलेल्या जागेला आग लागली. ड्रम फुटत होते आणि अग्निशामक दलाचे जवान त्या धुरात उभे होते.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुरुवातीला सांगितलेला जमीन सफाईचा कायदा, म्हणजे ‘सुपरफंड’ कायदा, आला. त्याचा सगळा भर जमीन, पाणी आणि खर्च कोणाकडून वसूल करायचा यावर होता. कामगारांच्या वाट्याला एक कलम आलं: संबंधित सरकारी यंत्रणांनी त्यांच्या संरक्षणाचा अभ्यास करावा. त्यातून ऑक्टोबर १९८५ मध्ये चार यंत्रणांची संयुक्त मार्गदर्शिका निघाली. पण ती मार्गदर्शिकाच होती, पाळलीच पाहिजे असं बंधन नव्हतं.

तरीही ती बारकाईने वाचण्यासारखी आहे, कारण या कामातली खरी अडचण तिने ओळखली होती. कारखान्यात कोणतं रसायन कुठे आहे हे निदान माहीत असतं. इथे गंजलेल्या, फुगलेल्या ड्रमवर चिठ्ठीसुद्धा नसते. शिवाय विषापासून वाचवणारा बंदिस्त सूट स्वतःच जीवघेणा ठरू शकतो: घाम आत कोंडतो आणि अंग तापत जातं. म्हणून विश्रांतीला बसताच कामगाराची नाडी मोजायची, ती मिनिटाला ११० च्या वर असेल तर पुढच्या विश्रांतीपर्यंतचा कामाचा वेळ एक तृतीयांशाने कमी करायचा, असं मार्गदर्शिका सांगते. हे लिहिणाऱ्यांनी सूटच्या आतल्या माणसाचा विचार केला होता, हे इथे स्पष्ट दिसतं.

सक्ती आली ती १९८६ च्या सुपरफंड दुरुस्ती कायद्याने. याच कायद्यात, भोपाळच्या दुर्घटनेनंतर, परिसरातल्या रसायनांची माहिती मिळण्याचा नागरिकांचा हक्कही आला. कामगारांसाठी एका वर्षात नियम करा, असा आदेश संसदेने दिला. अंतरिम नियम डिसेंबर १९८६ मध्ये आले. अंतिम नियम ६ मार्च १९८९ रोजी जाहीर झाले आणि वर्षभराने लागू झाले.

हे नियम सांगतात: चिठ्ठी नसलेला ड्रम, आत काय आहे हे निश्चित कळेपर्यंत, घातकच धरायचा. जागेची पुरेशी माहिती नसेल तर पहिल्यांदा आत जाणाऱ्याला श्वसनाचं भक्कम संरक्षण द्यायचं. नेहमीच्या सफाई कामगाराला आधी ४० तासांचं प्रशिक्षण, मग तीन दिवस अनुभवी पर्यवेक्षकाच्या नजरेखाली प्रत्यक्ष काम, आणि दरवर्षी आठ तासांची उजळणी. बाहेर येतानाही क्रम ठरलेला: बाहेरचे बूट आणि हातमोजे आधी धुवायचे, मास्क मात्र जवळजवळ शेवटपर्यंत तोंडावरच ठेवायचा.

वैद्यकीय तपासणीची तरतूद मला अपुरी वाटते. ती प्रामुख्याने वर्षात ३० किंवा अधिक दिवस ठरावीक मर्यादेइतक्या वा त्याहून जास्त विषारी संपर्कात येणाऱ्यांना किंवा तितके दिवस श्वसनाचं संरक्षण देणारा मास्क वापरणाऱ्यांना लागू होते. तपासणीच्या नोंदी नोकरी संपल्यावरही ३० वर्षं जपाव्या लागतात, कारण काही आजार उमटायला दशकं घेतात. पण दोन-तीन आठवड्यांच्या कंत्राटावर येऊन गेलेल्या कामगाराची अशी नोंद मुळात होतच नाही.