थकवा की बर्नआउट? चवथीनंतर कळतं

डब्यांचा धंदा सुरू करून वर्ष होत आलं तेव्हा कोणीही कशी आहेस विचारलं की माझं उत्तर ठरलेलं, दमलेय गं. फार सोयीचा शब्द आहे हा, रात्री अकराला भांडी घासून पाठ धरली तरी दमलेय आणि सकाळी फोन वाजल्यावर पोटात गोळा आला तरी दमलेयच. पण पहिलं म्हणजे थकवा आणि दुसऱ्याला म्हणतात बर्नआउट, आणि नवीन धंदा काढलेल्यांनी यात गल्लत केली की उपाय चुकतो, माझा चुकला म्हणून लिहितेय.

थकवा सोप्पा आहे. गोव्यात फोंड्याला घरातूनच सुरुवात केली तेव्हा १४ डबे होते, कुंडई आणि बेतोड्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या मुलांचे. पहाटे पाचला आदोळीवर (आमची विळी) बसून नारळ खवायचे, मग हुमण म्हणजे माशाची आमटी, शीत म्हणजे भात, तळलेला बांगडा, सोमवारी आणि गुरुवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, म्हणून तोणाक, वाटपाची उसळ. हात भरून यायचे, एकदा हुमणात मीठ दोनदा पडलं, पण दुपारी बाजारातली दुकानं शटर ओढतात तशी मीही तासभर आडवी झाले की उठल्यावर उद्या काय करूया हे डोक्यात आपोआप सुरू व्हायचं. झोपेने जातो तो थकवा, एवढी सरळ गोष्ट.

बर्नआउट झोपेने जात नाही. हा शब्द कामाच्या संदर्भात १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाने वापरला, न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्या लोकांकडे बघून, म्हणजे आवडीने काम करणारेच लोक. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची व्याख्या पक्की केली, त्यात ते याला आजार म्हणत नाहीत, कामातला ताण खूप दिवस न हाताळल्याने होणारी अवस्था म्हणतात, आणि तीन खुणा सांगतात: अंगात त्राण नसणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं आणि आपल्याला काही जमत नाही असं वाटणं. पहिली खूण थकव्यातही असते, गल्लत होते ती तिथेच. बघायच्या उरलेल्या दोन.

माझी दुसरी खूण मला अजून आठवते. अर्धा नारळ हातात, फोन टिंग करून वाजला, "ताई आज सोलकढी आहे ना?" आणि मला त्या माणसाचा इतका राग आला, जो माझा पहिला गिऱ्हाईक, ज्याने आणखी पाच जण आणून दिले. त्याच दिवशी एक बांगडा करपला होता तो मी खालच्या बाजूने वळवून डब्यात भरला. दमलेली बाई करपलेला बांगडा बाजूला काढते आणि कपाळावर हात मारते, मी म्हटलं चालतंय.

तिसरी खूण तर धंदा वाढत असल्यामुळे कळतच नाही. तेव्हा ६५ डबे होते, घरचे म्हणायचे देवाच्या कृपेने किती छान चाललंय, आणि मला रोज वाटायचं हे आपल्याच्याने होणार नाही.

माझी साधी टेस्ट म्हणजे चवथ, आमच्याकडची गणेश चतुर्थी. पहिल्या वर्षी चवथीला पाच दिवस डबे बंद ठेवून सत्तरी तालुक्यात सासरी गेलो, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधली, नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळून तळून कंबर गेली, म्हणजे खरं तर आराम कसला, तरी परत आले ती ताजी होऊन. दुसऱ्या वर्षी तेच घर, तेवढ्याच नेवऱ्या, पण विसर्जनाला जाताना उद्या डबे या एका विचाराने घशाशी आलं.

उलटी चूकही होते हां. ओळखीतल्या एका पोराने ऑक्टोबरात म्हापशाकडे छोटा कॅफे काढला, डिसेंबरात सीझनला रोज चौदा-पंधरा तास उभा, जानेवारीत म्हणाला मी बर्नआउट झालो आणि बंदच केला, मग पंधरा दिवस झोपा काढल्यावर कळलं की तो नुसता दमला होता, एक हेल्पर ठेवला असता तरी भागलं असतं. अर्थात थकवा अंगावर काढण्यासारखाही नाही. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्के जास्त, असा जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२१ चा अभ्यास आहे. आणि कोण म्हणतो गोंयकार सुशेगाद, म्हणजे निवांत, त्याने पहाटे माझ्या स्वयंपाकघरात यावं.

तर थकव्याला झोप आणि मदतीचे दोन हात, बर्नआउटला कामाची मांडणीच बदलावी लागते. या विषयात आयुष्य घालवलेल्या क्रिस्टिना मॅस्लॅक कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला, माणसं, न्याय आणि मूल्यं असे सहा कोपरे तपासायला सांगतात. माझा बिघडलेला कोपरा ताब्याचा, म्हणायला मालकीण मी आणि ६५ जणांचं व्हॉट्सॲप मला नाचवतंय. मग ऑर्डर रात्री आठला बंद, रविवार बंद, डबे ५० च्या वर नाहीत आणि दर २० रुपयांनी वाढवला. काही जण सोडून गेले, त्यातला एक तो सोलकढीवाला, वाईट वाटलं. कांदा चिरायला आणि नारळ खवायला शेजारच्या काकी येतात, त्यांचा पगार जाऊन हातात पूर्वीपेक्षा थोडे कमीच राहतात, खोटं कशाला सांगू.

एक मात्र सांभाळा. कामच काय, चवथ, पोरं, आवडीचं जेवण, कशातच मन लागत नसेल आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर याला बर्नआउट म्हणत बसू नका, नैराश्य असू शकतं, टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, बांबोळीलाही मानसोपचाराचं सरकारी हॉस्पिटल आहे. आणि रक्त तपासून घ्या, निदान हिमोग्लोबिन, शुगर आणि थायरॉइड. एवढं सगळं शोधून झाल्यावर मी तपासलं तर हिमोग्लोबिन ९ निघालं, म्हणजे अर्धं दमणं तर तिथलंच होतं.