चकाकी आणि पकड: रेसिंग गेममधली गाडी खरी कधी वाटते?

रेसिंग गेममध्ये नवी स्पोर्ट्स कार आली, की बरेच खेळाडू सुरुवातीला ती चालवतच नाहीत. कॅमेरा तिच्याभोवती फिरवत बसतात, रंग बदलून बघतात, बॉनेटवरून सरकणारा उजेड न्याहाळतात. मग गाडी ट्रॅकवर उतरते आणि पहिल्या दोन-तीन वळणांतच निकाल लागतो: 'मस्त बसते रस्त्यावर' किंवा 'नुसती तरंगते'. हे दोन्ही निकाल आपण चटकन देतो, पण कशाच्या जोरावर? माझं मत असं, की दोन्ही वेळा आपण कडा तपासत असतो. दिसण्याच्या बाबतीत कडा म्हणजे पत्र्याला चाटून जाणारा प्रकाश, आणि चालण्याच्या बाबतीत टायरची पकड सुटायच्या बेताची अवस्था. मधल्या भागात बहुतेक गेम निभावून नेतात.

आधी दिसण्याचं पाहू. 1997 साली आलेल्या पहिल्या 'ग्रॅन टुरिस्मो'मध्ये एक गाडी काही शे बहुभुजांत, म्हणजे आकार जोडायच्या त्रिकोणासारख्या सपाट तुकड्यांत, उरकायची. आता हा आकडा लाखांत गेला आहे. पण नुसते त्रिकोण वाढवून भागत नाही, कारण रंगवलेला पत्रा हा जवळजवळ आरसाच असतो. आरसा 1 अंशाने कलला तर परावर्तित किरण 2 अंशांनी वळतो, म्हणजे पृष्ठभागातली चूक प्रतिबिंबात दुपटीने उठून दिसते. कारचे डिझायनर म्हणूनच संगणकातल्या मॉडेलवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं प्रतिबिंब पाडून बघतात. जोडावर पट्टा मोडला, की दोन पृष्ठभाग नीट जुळलेले नाहीत हे लगेच कळतं. गेमच्या कलाकारांचीही परीक्षा हीच, फक्त त्यांच्याकडे जागा कमी. कंपनीचा कॅड डेटा, म्हणजे संगणकावरचा मूळ आराखडा, इतका जड असतो की तो जसाच्या तसा गेममध्ये घालता येत नाही. त्यावरून हलकं मॉडेल पुन्हा बांधावं लागतं, आणि लांबून दिसणाऱ्या गाडीसाठी त्याहून हलकं.

रंगाची गोष्ट जास्त मजेची आहे. गाडीचा रंग थरांचा असतो: खाली रंगाचा थर, मेटॅलिक असेल तर त्यात ॲल्युमिनियमचे बारीक कण, आणि सगळ्यांवर पारदर्शक क्लिअर कोट. या कोटावर समोरून पडलेल्या प्रकाशापैकी फक्त 4 टक्के प्रकाश परावर्तित होतो, बाकीचा आत शिरतो आणि रंग घेऊन बाहेर येतो. प्रकाश तिरका होत गेला तरी (अगदी समोरची दिशा 0 अंश धरून) 60 अंशांपर्यंत हे प्रमाण 10 टक्क्यांच्या आतच राहतं. त्यानंतर मात्र ते झपाट्याने चढतं. 80 अंशांवर सुमारे 40 टक्के, आणि पृष्ठभागाला चाटून जाणाऱ्या किरणाला जवळजवळ 100. म्हणून लाल गाडीचं दार समोरून लाल दिसतं, पण छताच्या आणि मडगार्डच्या कडेवर आकाश चमकतं. हा नियम फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फ्रेनेलचा, एकोणिसाव्या शतकातला. गेममध्ये त्याचं पूर्ण समीकरण सोडवण्याऐवजी ख्रिस्तोफ श्लिक यांनी 1994 मध्ये सुचवलेलं सोपं सूत्र सर्रास वापरतात.

जुन्या गेममधल्या गाड्या प्लास्टिकच्या का वाटायच्या, याचं उत्तरही इथेच आहे. बुई तुओंग फोंग यांनी 1975 मध्ये मांडलेली संगणकावर चकाकी काढायची पद्धत चमकदार ठिपका छान पाडते, पण कडेला परावर्तन वाढतं हे तिच्या हिशेबातच नाही. ठिपका दिसतो, क्लिअर कोट दिसत नाही.

आणि हे सगळं करायला वेळ किती? सेकंदाला 60 चित्रं दाखवायची तर एका चित्राला 16.7 मिलिसेकंद. तेवढ्यात गाडीभोवतीचा परिसर पुन्हा काढून तो पत्र्यावर उमटवायचा. काही गेम सहा बाजूंचा परिसर एकदम न काढता दर चित्राला थोडा थोडा बदलतात. भरधाव गाडीत ते कुणाच्या लक्षात येत नाही.

आता चालण्याकडे वळू. इथे सगळा खेळ चार टायरांचा आहे, आणि प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. वळताना टायरचं तोंड एका दिशेला असतं आणि तो प्रत्यक्ष जातो किंचित वेगळ्या दिशेला. या दोन दिशांमधल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. कोन वाढला की बाजूची पकड वाढते, साधारण 6 ते 10 अंशांच्या आसपास ती शिखर गाठते, आणि पुढे हळूहळू उतरते. हा चढ-उतार सूत्रात बसवण्याचं काम नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठातल्या हान्स पासेका यांनी सहकाऱ्यांबरोबर 1980 च्या दशकात केलं. त्या सूत्राला 'मॅजिक फॉर्म्युला' म्हणतात, आणि नाव अगदी प्रामाणिक आहे: रबराच्या मूळ भौतिकीतून ते निघत नाही, मोजमापांवर बेतलेली वक्ररेषा आहे ती. वाहन उद्योग ते वापरतो आणि अनेक गेमही.

पकड किती मिळणार हे टायरवर भार किती आहे यावर ठरतं, आणि तो भार सतत हलत असतो. समजा गाडी 1500 किलोची, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 2.6 मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून 45 सेंटिमीटरवर. 1 जी इतका (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाएवढा) कडक ब्रेक मारला तर 1500 × 0.45 ÷ 2.6, म्हणजे सुमारे 260 किलोंचा भार मागून पुढे सरकतो. आधी पुढे-मागे 750-750 असेल तर आता पुढे 1010, मागे 490. त्याच वेळी स्टिअरिंग वळवलं तर मागची बाजू निसटू शकते. वर आणखी एक गंमत आहे. भार दुप्पट झाला तरी टायरची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. त्यामुळे पुढच्या चाकांची कमाई मागच्यांचं नुकसान पुरतं भरून काढत नाही. स्पोर्ट्स कार जमिनीलगत का बांधतात ते यावरून कळतं. गेममध्ये हा एकच उंचीचा आकडा चुकला, तर तीच गाडी दिसायला तशीच राहून वागायला व्हॅन होते.

हा हिशेब सेकंदाला 60 वेळा करून चालत नाही. ताशी 250 किलोमीटर वेगात गाडी एका चित्रात सुमारे 1.16 मीटर पुढे जाते. वाटेतला अरुंद उंचवटा दोन चित्रांच्या मध्येच निघून जाईल. शिवाय टायर हा फार ताठ स्प्रिंग आहे. हिशेबाचे टप्पे लांब ठेवले तर साध्या गणिती पद्धतीत प्रत्येक टप्प्याला थोडी खोटी ऊर्जा जमा होते, आणि उभी गाडी अचानक हवेत उडते. म्हणून 'आयरेसिंग'सारख्या गेममध्ये भौतिकीचा हिशेब सेकंदाला 360 वेळा होतो, तेव्हा कुठे तेच अंतर 20 सेंटिमीटरच्या आत येतं.

गमतीची गोष्ट म्हणजे गेमला सर्वांत अवघड जातं ते गाडी थांबवून ठेवणं! ब्रेक मारताना किंवा वेग घेताना चाक किती घसरतंय हे काढायला चाकाचा आणि गाडीचा वेग यांतल्या फरकाला गाडीच्या वेगाने भागतात. गाडी उभी असली की भागाकार शून्याने. साध्या अंमलबजावणीत अशी गाडी चढावर थरथरते, नाहीतर हळूच मागे घसरते. मग कमी वेगासाठी वेगळी तजवीज करावी लागते.

हे झालं संगणकाच्या आतलं. खेळणाऱ्याच्या हाताला काय कळतं? खऱ्या गाडीत वळताना स्टिअरिंग आपोआप सरळ व्हायला बघतं. हा जोर बाजूच्या पकडीच्या आधीच शिखरावर पोचतो आणि आधीच ओसरू लागतो. म्हणजे पुढची चाकं निसटण्याच्या जरा आधी स्टिअरिंग हलकं पडतं. मोटर असलेल्या गेमिंग स्टिअरिंगवर हा हलकेपणा नेमका आला, की गाडी 'बोलते' असं खेळाडू म्हणतात. शरीराला बसणारे हिसके तिथे नसतात, त्यामुळे या एका इशाऱ्यावर फार भिस्त असते.

नव्या गाडीची खरी अडचण पकड सुटल्यानंतर सुरू होते. टायर तपासायची यंत्रं शिखराच्या आसपासचा भाग व्यवस्थित मोजतात. पण ड्रिफ्ट करणारा खेळाडू गाडी 30-40 अंश आडवी धरतो. तिथली मोजमापं विरळ, त्यामुळे वक्ररेषा पुढे अंदाजानेच ओढावी लागते. काही वेळा तर गाडीच लोकांच्या हाती आलेली नसते. फोर्डची नवी जीटी 2015 मध्ये जगासमोर आली, त्याच वर्षी ती 'फोर्झा मोटरस्पोर्ट 6' मध्ये चालवता येत होती, आणि ग्राहकांच्या हाती पडायला 2016 चा शेवट उजाडला. अशा वेळी गेममधल्या गाडीला बरी-वाईट म्हणताना तुलना करायला खेळाडूकडे दुसरं काहीच नसतं.

साधा गेमपॅड वापरणाऱ्यांसाठी तर आणखी एक थर मध्ये असतो. अंगठ्याखालची काडी झटक्यात पूर्ण टोकाला जाते, खरं स्टिअरिंग कुणी इतक्या वेगात फिरवत नाही. म्हणून बरेच गेम वेग पाहून चाकं किती वळू द्यायची ते आवरतात आणि काडीचा झटका वेळेत पसरवतात. ही गाळणी चांगली जमली असेल तर टायर मॉडेल साधंसुधं असूनही गाडी झकास वाटते. गाळणी फसली, तर पासेकांचं सूत्र कितीही काटेकोर बसवा, लोक म्हणणार गाडी तरंगते.