एमजीबीचा रेडिएटर : एका दुपारच्या कामामागची पाऊणशे वर्षं

एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा रेडिएटर (इंजिनाचं पाणी गार करणारा भाग) बदलणं म्हणजे पुस्तकाप्रमाणे एका दुपारचं काम. पाणी सोडा, वरचा-खालचा होज (रबरी नळी) काढा, बाजूचे बोल्ट सोडा, रेडिएटर वर उचला. प्रत्यक्ष गाडीखाली पाठ टेकली की बरेच प्रश्न पडतात. नंतरच्या गाड्यांत रेडिएटरला पाणी सोडायची तोटीच नाही, त्यामुळे खालचा होज ओढून काढायचा आणि निम्मं पाणी बाहीत घ्यायचं. रेडिएटर गाडीच्या नाकापासून एवढा मागे का बसवलाय? इंजिनाचं तेल गार करणाऱ्या ऑइल कूलरच्या नळ्या नेमक्या रेडिएटर ज्यावर बसतो त्याच पत्र्यातून का नेल्यात? यातली काही उत्तरं कारखान्यातली आहेत, काही त्याच्याही बरीच आधीची.

कार्ल बेंझच्या 1886च्या तीनचाकीत रेडिएटर नव्हताच. पाणी उकळायचं, वाफ उडून जायची आणि चालकानं वाटेत जिथे मिळेल तिथे पाणी भरायचं. पुढे डाइमलर कारखान्यात विल्हेल्म मायबाखनं पाणी फिरवणाऱ्या नळ्यांवरून वारा नेला, तरी 18 लिटर पाणी बाळगावं लागेच. खरा बदल झाला तो 1901च्या 35 अश्वशक्तीच्या मर्सिडीजमध्ये. मायबाखनं 6 मिलिमीटर चौकोनी तोंडाच्या 8,070 बारीक नळ्या एकमेकींना चिकटवून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी केली. वारा नळ्यांतून, पाणी त्यांच्या फटींतून, आणि मागून ओढायला पंखा. 9 लिटर पाण्यात काम भागलं. मोटारीला ‘तोंड’ मिळालं तेही याच जाळीमुळे.

ही जाळी म्हणजे सगळं तांबटकाम. तांब्याच्या पातळ पट्ट्या, पितळेच्या नळ्या आणि टाक्या, सांध्यांना कथील-शिशाचा डाग. तांबं उष्णता झटपट नेतं, पितळ वाकवता येतं आणि डाग साध्या आचेवर धरतो. म्हणूनच रेडिएटर दुरुस्त करता येणारी वस्तू झाली. वरची-खालची टाकी डाग वितळवून सुटी करायची, मधली जाळी नवी घालायची, पुन्हा डाग द्यायचा. ज्यांच्या दारावर कल्हईवाला यायचा त्यांना ही क्रिया परकी वाटणार नाही.

पुढची पायरी दाबाची. फोर्डच्या मॉडेल टीचं पाणी बहुतांशी पंपाशिवाय, गरम पाणी वर आणि गार खाली या न्यायानं फिरायचं. मग पंप आला, इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा थर्मोस्टॅट आला आणि रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंग बसली. पाणी बंदिस्त ठेवलं की दाब चढतो आणि उकळायला जास्त तापमान लागतं. एमजीबीच्या झाकणावर सुरुवातीला चौरस इंचाला 7 पौंड दाब असे, पुढे 10. म्हणजे साधं पाणीसुद्धा 111 किंवा 115 अंशांपर्यंत उकळत नाही. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट ज्यांनी पाहिल्यात, त्यांना ते झाकण लगेच का उघडू नये हे सांगायची गरज नाही. दाबाचा दुसरा फायदा असा की पाणी कमी पुरतं. मर्सिडीजला 35 अश्वशक्तीसाठी 9 लिटर लागत, एमजीबीच्या 95 अश्वशक्तीला साधारण साडेपाच.

ही गाडी 1962 साली ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनमध्ये बनू लागली. 1798 सीसीचं इंजिन नवं नव्हतं, बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीच्या घरगुती मोटारींचंच वाढवलेलं. पंखा वॉटर पंपाच्या नाकावर बसलेला आणि पट्ट्यावर फिरणारा. असा पंखा जाळीच्या जवळ नसेल तर नुसता बॉनेटखालचा वारा घुसळतो. म्हणून रेडिएटर इंजिनाला खेटून, आणि त्याच्यापुढे नाकापर्यंत मोकळी जागा. 1964च्या ऑक्टोबरात क्रँकशाफ्टला तीनऐवजी पाच बेअरिंगं आली आणि ऑइल कूलर सर्रास बसू लागला. त्याला वाऱ्याची जागा हवी, ती रेडिएटरच्या पुढ्यात आयती होती. इंजिन मात्र पत्र्याच्या मागे, तेव्हा नळ्या पत्र्यातल्या भोकांतून न्याव्या लागल्या. आज रेडिएटर पत्र्यासकट उचलायचा तर आधी या नळ्या सोडवायच्या. एक पाना नळीच्या नटाला, दुसरा कूलरच्या तोंडाला. दुसरा पाना लावायचा आळस केला की कूलरचं नाजूक तोंड पिळवटतं आणि कामाचं बिल दुप्पट होतं.

1973मध्ये याच गाडीत रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-8 इंजिन बसलं, आणि जागाच उरली नाही. रेडिएटर पुढे सरकला, त्याला विजेचे दोन पंखे लागले. चार सिलिंडरवाल्या गाडीला ही सुधारणा 1976मध्ये मिळाली, म्हणजे गाडी म्हातारी झाल्यावर. 1980च्या ऑक्टोबरात तर अ‍ॅबिंग्डनचा कारखानाच बंद झाला. इतक्या उशिरा का, याचं सरळ कारण मला खर्चात दिसतं. पाच लाखांहून जास्त गाड्या खपल्या, पण सुधारणांसाठी पैसा हात राखूनच सुटला. जुन्या गाडीला विजेचा पंखा लावणाऱ्यांनी एक गोष्ट बघावी: 1967पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे. तारा नेहमीच्या सवयीनं जोडल्या तर पंखा उलटा फिरतो.

आता बाजारात अ‍ॅल्युमिनियमचे रेडिएटर मिळतात. वजनाला हलके, दिसायला चकचकीत. ज्याला शर्यत पळवायची आहे त्यानं जरूर घ्यावा. माझं मत मात्र जुन्याच टाक्यांत नवी जाळी बसवण्याकडे झुकतं, कारण तो पुढेही डाग देऊन दुरुस्त होईल. अट एकच, कुलंट (रेडिएटरमध्ये भरायचं रसायनमिश्रित पाणी) वेळच्या वेळी बदलायचं. वर्षानुवर्षं तसंच ठेवलं की ते आंबतं आणि पितळेच्या भांड्यातल्या ताकासारखं कळकतं. सांध्यांवर हिरवट-पांढरे थर दिसतात ते त्याचेच.

आणि नवा रेडिएटर बसवण्याआधी इंजिनाच्या ब्लॉकची तोटी उघडून बघायची. ती उजव्या बाजूला, अगदी मागे असते. बहुतेक गाड्यांत ती उघडली तरी थेंब पडत नाही. तार घालून खुपसत राहायचं. आधी गंजाचा चिखल येतो, मग एकदम लाल गढूळ धार लागते. नव्या जाळीत जायला निघालेला तो सगळा गाळ आधी परातीत काढायचा.